ज्वारीच्या पायलीपासून विम्याच्या हप्त्यापर्यंत

कुणी शेतात असाल, कुणी चुलीपाशी, कुणी शिलाई मशीनवर. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही दवाखान्याच्या विम्याची गोष्ट घेऊन आलो आहोत. विमा म्हटलं की एजंट आणि बारीक अक्षरातले कागद डोळ्यांपुढे येतात. पण या विम्याला इतिहास आहे. त्यात मुंबईच्या गिरणीत गेलेली आपली माणसं आहेत, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया आहेत आणि वर्ध्याकडची ज्वारीसुद्धा आहे.

आधी आमची एक चूक कबूल करतो.

आमच्या गटातल्या एक ताई शिलाईकाम करतात. त्यांचे यजमान भाड्यानं टेम्पो चालवतात. कोरोनात शेजारच्या घराची झालेली दैना बघून त्यांनी २०२१ साली घरातल्या चौघांची पाच लाखांची पॉलिसी घेतली. पहिला हप्ता होता १३,२०० रुपये. दरवर्षी तो थोडा थोडा वाढत गेला. २०२४ च्या पावसाळ्यात नोटीस आली ती २३,९०० रुपयांची. मधल्या काळात त्यांनी कंपनीकडून एक रुपयाही घेतलेला नव्हता. आजारी कुणी पडलंच नव्हतं.

ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत वाद झाला. "शेळीला कर्ज द्या, मशीनला द्या. कागदाला कसलं कर्ज?" असं काही जणी म्हणाल्या. आम्ही कुणाला दुखवायला नको म्हणून विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. तारीख गेली, वरची तीस दिवसांची सवलतही गेली आणि पॉलिसी बंद पडली. त्यांच्या यजमानांना साखरेचा आजार आहे. त्या आजाराच्या उपचाराला पैसे मिळण्याआधी काही वर्षं थांबायची अट होती. ती वर्षं सरत आली होती, ती वाया गेली. आता नवी पॉलिसी घेतली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ताई आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

तेव्हा आम्ही ठरवलं की हप्ता इतका का वाढतो हे मुळापासून समजून घ्यायचं. तालुक्याच्या वाचनालयात बसलो, गावातल्या जुन्या गिरणी कामगारांना विचारलं, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कागद बघितले. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गिरणीतलं कार्ड

विम्याची मूळ कल्पना आपल्या ओळखीची आहे. पुष्कळ जणांनी थोडं थोडं द्यायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मदत करायची. भिशीत प्रत्येकीचा नंबर लागतो. विम्यात नंबर लागू नये अशीच प्रार्थना करायची. एवढाच काय तो फरक.

कायद्यानं ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जर्मनीत झाली, १८८३ साली. कामगाराच्या आजारपणासाठी जी वर्गणी जमायची त्यातले दोन भाग कामगार भरायचा आणि एक भाग कारखानदार. कामगाराच्या घामावर कारखाना चालतो, तर त्याच्या आजारपणाचा काही भार कारखान्यानंही उचलावा, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, राज्य कामगार विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. मुंबईला ती १९५४ साली आली.

आमचा तालुका दुष्काळी. एके काळी घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत होता. आमच्या गटातल्या एका मावशींचे सासरे त्यांतलेच. त्यांचं कामगार विम्याचं कार्ड मावशींनी अजून ट्रंकेत जपून ठेवलंय. त्या कार्डावर परळच्या कामगार रुग्णालयात उपचार व्हायचे आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळायचा. सुरुवातीला योजना फक्त कामगारापुरती होती. घरच्यांना उपचार मिळू लागले १९५८ पासून. पण बायको-पोरं गावाकडे आणि दवाखाना परळला, म्हणून आपल्याकडच्या बायांपर्यंत ते फारसं पोचलं नाही.

या योजनेची रीत नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. वर्गणी पगाराच्या टक्क्यात. कमी पगाराला कमी वर्गणी, जास्त पगाराला जास्त, उपचार मात्र दोघांना सारखे. वय विचारायचं नाही. जुना आजार आहे म्हणून जास्त पैसे मागायचे नाहीत. आणि वर्गणीतला मोठा वाटा मालकाचा. आजही तसंच आहे. जुलै २०१९ पासून पगाराच्या शंभर रुपयांमागे कामगाराचा पाऊण रुपया कापला जातो आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. त्याआधी कामगाराचे पावणेदोन आणि मालकाचे पावणेपाच होते. म्हणजे बाहेर हप्ते वाढत होते त्याच काळात इथं कामगाराची वर्गणी निम्म्याहून कमी झाली.

मग अडचण कुठं आहे? अडचण दाराशी आहे. आत कुणाला घ्यायचं याला मर्यादा आहेत. सुरुवातीला महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असणाराच आत होता. ही मर्यादा वाढत वाढत २०१७ साली २१,००० रुपये झाली. त्याच्या वर पगार गेला की बाहेर. नोकरी गेली की काही महिन्यांत बाहेर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि माणसं गावाकडे परत आली. पगार गेला, त्याबरोबर कार्डाचाही उपयोग संपला. मावशींचे सासरे परत आले तेव्हा त्यांना दमा होता. तो आयुष्यभर कापसाच्या धुळीत काम करून लागलेला. पण औषधाला पैसे लागले ते घरातल्या म्हशीच्या दुधाचे.

आणि ज्या बाया त्या कामगारांना दोन वेळ जेवू घालत होत्या, त्यांचं काय? गिरणगावातल्या खानावळवाल्या पहाटे उठून पोळ्या लाटायच्या. कामगाराच्या खिशात विम्याचं कार्ड होतं. त्याचा डबा भरणाऱ्या बाईकडे नव्हतं, कारण कायद्याच्या नजरेत तिला मालकच नव्हता. याच बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. सुरुवात बँकेच्या कर्जापासून झाली, कारण या बाया सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या.

ज्यांना मालक नव्हता त्यांनी काय केलं

आता मुंबईहून वर्ध्याला येऊ. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथं १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. १९८० च्या आसपास तिथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी जवळच्या गावांत जाऊ लागले. शेतमजूर आणि लहान शेतकरी आजार अंगावर काढतात, अगदी गळ्याशी आल्यावर रुग्णालयात येतात, हे ते बघत होते. रोख पैसा या माणसांकडे सुगीतच असतो, तोही थोडा. मग एक रीत ठरली. सुगीला प्रत्येक घरानं ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त पायल्या, भूमिहीन घरानं थोडी. ती ज्वारी विकून गावाचा आरोग्य निधी करायचा. लोक तिला ज्वारी योजनाच म्हणू लागले.

त्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि गावपातळीवरची औषधं व्हायची. अचानक आलेलं मोठं आजारपण असेल तर सेवाग्रामच्या रुग्णालयात उपचार मोफत. आधी ठरवून करता येणाऱ्या उपचारांना खर्चाचा काही वाटा घरानं उचलायचा. आणि एक अट होती. गावातली शंभरातली पंचाहत्तर घरं आली तरच योजना सुरू होणार. फक्त आजारी माणसं असलेली घरं आली तर निधी पहिल्याच वर्षी आटेल आणि तरणीताठी घरं बाहेर राहिली तर तो भरणार कोण? हे गणित गावातल्या लोकांना समजावून सांगितलं गेलं आणि त्यांना पटलं.

तिकडे गुजरातमध्ये इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली सेवा ही कष्टकरी बायांची संघटना काढली. १९७४ साली बायांची बँक काढली. कर्जाचे हप्ते का थकतात याचा बँकेनं शोध घेतला तेव्हा उत्तर निघालं ते आजारपण. बाई बुडवी नव्हती. ती किंवा तिच्या घरातलं कुणी खाटेवर होतं. बचत गट चालवणाऱ्या आपल्यापैकी कुणाला हे नवीन आहे का? आपल्या गटाच्या वहीत थकलेल्या नावांवरून बोट फिरवून बघा. आम्ही फिरवलं. पाचातली तीन नावं दवाखान्याची निघाली. सेवानं १९९२ साली आपल्या बायांसाठी विमा सुरू केला. पुण्यातही प्रेमाताईंच्या लेकीनं, मेधाताई पुरव-सामंत यांनी उभ्या केलेल्या अन्नपूर्णा परिवारात पुढे बायांचा स्वतःचा आरोग्य निधी झाला. कुणाला किती मदत द्यायची हे ठरवायला सभासद बायाच बसतात. रुग्णालयांशी आधी बोलून दर कमी करून घेतात.

या तिन्ही ठिकाणी तब्येत बघून माणसं वेगळी काढली गेली नाहीत. आणि पैसा देणाऱ्यांना तो कुठं जातो हे समोर दिसत होतं.

पॉलिसी बाजारात आली

आता ताईंच्या २३,९०० रुपयांकडे येऊ.

जीवन विमा सोडून बाकीचा विमा सरकारनं १ जानेवारी १९७३ पासून आपल्याकडे घेतला आणि शंभराहून जास्त कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या केल्या. या चार कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम नावाची पॉलिसी आणली. रुग्णालयात भरती झालं तर बिलाची भरपाई. ज्यांना कामगार विमा नव्हता अशा शहरी पगारदार आणि व्यापारी लोकांनी ती घेतली. १९९९ साली विमा नियामकाचा कायदा झाला, खाजगी कंपन्यांना दार उघडलं. पुढे फक्त आरोग्यविमाच विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. आधी खिशातून भरून मग मागायचे पैसे आता कंपनी थेट रुग्णालयाला देऊ लागली. त्याला आपण कॅशलेस म्हणतो. पेशंटच्या दृष्टीनं ही चांगलीच सोय झाली.

पण बाजारातल्या पॉलिसीची रीत ज्वारी योजनेच्या उलटी आहे. इथं हप्ता ऐपतीवर ठरत नाही, वयावर ठरतो. टेम्पोवाल्याला आणि बंगलेवाल्याला, वय आणि पॉलिसी सारखी असेल तर हप्ता सारखाच. वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता उडी मारतो. ताईंच्या यजमानांनी त्याच वर्षी ४६ व्या वर्षात पाऊल टाकलं होतं.

दुसरं कारण रुग्णालयाच्या बिलात आहे. तपासण्या, यंत्रं, औषधं, खोलीचं भाडं सगळंच महागलं. आणि बिल कंपनी देणार असलं की दर किती लावला, कोणती तपासणी गरजेची होती, हे पेशंटच्या माणसांना कुणी विचारत नाही आणि तेही विचारत नाहीत. पण ते पैसे शेवटी सगळ्यांच्या पुढच्या हप्त्यातून निघतात. ताई आजारी पडल्या नाहीत, तरी हप्ता वाढला याचं एक कारण हेच.

तिसरं कारण, आपल्या शंभर रुपयांतले सगळे दवाखान्यासाठी नसतात. एजंटचं कमिशन, जाहिरात, कचेऱ्या, पगार यांचा खर्च त्यातूनच होतो. २०२३ च्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण विमा कंपनीला हा खर्च शंभरात तीस रुपयांपर्यंत आणि फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपनीला पस्तीस रुपयांपर्यंत करता येतो. आपल्या गटाच्या वहीत चहा आणि फोटोकॉपीला शंभरातले पस्तीस रुपये लावले तर बायका अध्यक्षाला उभं करतील.

चौथं कारण कर. १ जुलै २०१७ पासून विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. ताईंच्या नोटिशीत साडेतीन हजारांच्या वर नुसता कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण स्वतः घेतलेल्या वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर हा कर उरलेला नाही. ही खरंच दिलाशाची गोष्ट आहे. पण कर गेला म्हणून मूळ हप्ता वाढायचा थांबतो असं नाही. वयाचं आणि बिलाचं कारण आहे तिथंच आहे. साठीच्या पुढच्या माणसांचा हप्ता मात्र नियामकाशी बोलल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. पंचेचाळिशीतल्या टेम्पोवाल्याला त्याचा उपयोग नाही.

सरकारनं हप्ता भरला तेव्हा

गरिबांसाठी सरकारी विम्याचे प्रयोग २००३ पासून सुरू झाले. तेव्हाच्या योजनेत एका माणसाला दिवसाला एक रुपया, पाच जणांच्या घराला दीड रुपया असा हप्ता होता आणि ३०,००० रुपयांपर्यंत उपचार. ऐकायला एक रुपया, पण भरायचे वर्षाचे ५४८ रुपये एकदम. रोजंदारीवरच्या घराला ते जड गेलं. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घरानं फक्त ३० रुपये नोंदणीचे द्यायचे आणि हप्ता सरकारनं भरायचा.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत. फुले योजनेत आधी दीड लाखांची मर्यादा होती. जुलै २०२४ पासून तिथंही पाच लाख झाले आणि पांढरं कार्ड धरून सगळ्या रेशनकार्डवाल्या घरांना ती लागू झाली.

आता एक आकडा सांगतो, तो ऐकून आम्ही थांबलोच. जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा राज्य सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता देत होतं. २०२० च्या करारात तो ७९७ रुपये झाला. म्हणजे सरकारचाही हप्ता दुपटीहून जास्त वाढला. महागाई त्यांनाही चुकली नाही. पण रक्कम बघा. शेकड्यांत आहे. त्या योजनेत ठरावीकच उपचार होते आणि दर बांधून दिलेले होते, म्हणून ताईंच्या पॉलिसीशी त्याची सरळ तुलना होत नाही हे खरं. तरीही लाखो घरं एका निधीत आली, म्हातारी-तरणी एकत्र राहिली, रुग्णालयाशी दर आधी ठरवला, तर एका घराचा भार किती हलका होतो हे त्यातून कळतं. सेवाग्रामच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या अटीचं मोठं रूप ते हेच.

म्हणून आम्हाला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट समजली. विमा महाग होतो तो नुसता महागाईमुळे नाही. एका मोठ्या निधीतून माणसं वेगळी काढली गेली, मालकाचा आणि सरकारचा वाटा निघून गेला आणि दर ठरवताना आपलं कुणी उरलं नाही, की सगळा भार एकट्या घरावर येतो. ताईंच्या घरावर तोच आला. आणि आम्ही त्याला कागद म्हणालो.

आता आपण काय करायचं

आमच्या मावशी म्हणाल्या, "मग आपणच काढू की ज्वारी योजना." आम्ही हिशोब केला. बारा जणी, महिना पन्नास रुपये, वर्षाचे झाले ७,२००. एका साध्या ऑपरेशनमध्ये संपले. सेवाग्रामला ते चाललं कारण मोठा भार रुग्णालयानं उचलला. एकटा गट विमा कंपनी होऊ शकत नाही, होण्याचा प्रयत्नही करू नये. पण विमा जिथं पोचत नाही तिथं गट पोचू शकतो. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली रोजंदारी, घरी आल्यावरच्या गोळ्या. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता, २०२१-२२ साली ३९ टक्के. कमी झाला, तरी शंभरातले ३९ रुपये आपलेच जातात. बहुतेक विमे भरती झाल्यावर लागू होतात. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. म्हणून आम्ही गटात वेगळा आजारपण निधी काढला आहे. ऐपतीप्रमाणे कुणी तीस, कुणी साठ रुपये, ज्वारीच्या रीतीनं.

बाकी ज्या गोष्टी आम्ही आता नेमानं करतो त्या सांगतो.

पहिली, गटातल्या प्रत्येक घराचं आयुष्मान कार्ड निघालं आहे का, रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं जुळतात का, हे वर्षातून एकदा तपासतो. नाव जुळत नसेल तर ते आजारी पडायच्या आधी दुरुस्त करायचं. रुग्णालयाच्या दारात ते होत नाही. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांचं वेगळं कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही.

दुसरी, भरती करायच्या आधी रुग्णालय योजनेत आहे का आणि तो उपचार योजनेत बसतो का, हे विचारायचं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जायचं. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. योजनेतल्या उपचारासाठी कुणी वरचे पैसे मागितले तर याच फोनवर तक्रार करायची. आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हेही विसरू नका.

तिसरी, घरातलं कुणी कंपनीत लागलं असेल तर पगाराच्या पावतीवर कामगार विम्याचे पैसे कापले जातात का बघा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं हा हक्क आहे. ठेकेदाराकडे असलेल्या पोरापोरींनाही आहे. पैसे कापले जात असतील तर कार्ड मागून घ्या.

चौथी, ज्यांच्याकडे बाजारातली पॉलिसी आहे त्यांची हप्त्याची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवतो आणि दोन महिने आधी विषय बैठकीत घेतो. पॉलिसी चालू ठेवायची, दुसऱ्या कंपनीकडे वळवायची की सोडायची, हे तिनं आणि तिच्या घरानं ठरवायचं. वळवायची असेल तर तारखेच्या आधी, म्हणजे थांबण्याची जी वर्षं झाली ती धरली जातात. हप्त्यासाठी कर्ज मागितलं तर त्याच बैठकीत हो किंवा नाही सांगायचं. ढकलायचं नाही. हा ठराव आम्ही वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत.

त्या ताई तिसऱ्या बैठकीपासून पुन्हा येऊ लागल्या. ठरावावर पहिली सही त्यांचीच आहे. त्यांनी नवी पॉलिसी घेतली नाही. घराचं आयुष्मान कार्ड काढलं आणि यजमानांची साखर दर महिन्याला आरोग्य केंद्रात तपासून घेतात. गेल्या महिन्यात बैठक संपता संपता त्यांनी एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा एमआयडीसीत लागलाय. कामगार विम्यात आहे. पगार २०,४०० आहे आणि आता वाढणार आहे. "२१,००० च्या वर गेला की विमा जाणार. मग पगार वाढला म्हणून पेढे वाटायचे की नाही?"

सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणाकडे नव्हतं. सुरुवातीला घातलेली ती पगाराची रेघ अजून पुसली गेलेली नाही, नुसती वर सरकत आली आहे. ती काढून टाकावी, निदान महागाईबरोबर दरवर्षी वाढावी, असं निवेदन ग्रामसंघातून पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्याही गावातून एमआयडीसीत पोरं-पोरी जात असतील. तुमच्या गटात हा विषय काढा, काय ठरलं ते आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा. निवेदनावर जितक्या गावांच्या सह्या होतील तितकं बरं.

तोवर आपापली कार्डं बघून ठेवा. नमस्कार.